विद्युत-यांत्रिक : एक द्वंद्व समास

मराठी व्याकरणात द्वंद्व समासाचे तीन प्रकार मानले जातात. ‘आईवडील’ या शब्दाचा विग्रह ‘आणि’ने होतो, म्हणून तो इतरेतर द्वंद्व, ‘खरेखोटे’चा विग्रह ‘किंवा’ने होतो, म्हणून तो वैकल्पिक, आणि ‘चहापाणी’ या शब्दात चहा व पाणी यांखेरीज पोहे, बिस्किटे व प्रसंगी आणखी बरेच काही गृहीत धरलेले असते, म्हणून तो समाहार द्वंद्व. हे तिन्ही प्रकार पाठ करून दहावी उत्तीर्ण झालेला आणि पुढे दोन वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे जिला तिच्या प्राचार्यांपासून दारावरच्या रिक्षावाल्यापर्यंत सर्वजण ‘आयटीआय’ एवढेच म्हणतात त्या संस्थेत, इलेक्ट्रिशियन किंवा फिटर या व्यवसायाचा अभ्यासक्रम पुरा केलेला तरुण जेव्हा भोसरी, चाकण किंवा रांजणगाव येथील एखाद्या कारखान्याच्या देखभाल विभागात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतो, तेव्हा व्याकरणाशी आपला संबंध कायमचा संपला अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत साधारणपणे पहिले यंत्र बंद पडेपर्यंत टिकते.

विषयात शिरण्यापूर्वी ‘उमेदवार’ या शब्दाची थोडी चौकशी करणे आवश्यक आहे. हा शब्द फारसीतून आला असून ‘उमेद’ म्हणजे आशा बाळगणारा तो उमेदवार, असा त्याचा अर्थ आहे. जुन्या काळी कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी कागद लिहीत बसणाऱ्यास उमेदवार म्हणत. आज निवडणुकीस उभा राहणारा, वधूवरसूचक मंडळात नाव नोंदवणारा आणि कारखान्यात शिकणारा अशा तिघांसाठी मराठीने हा एकच शब्द राखून ठेवला आहे, यावरून आशा या वस्तूच्या वाटपात भाषा किती काटकसर करते हे दिसून येते. या तिघांपैकी तिसऱ्याची व्यवस्था १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने लावलेली आहे. त्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे, आणि म्हणून त्याला मिळतो तो पगार नसून विद्यावेतन असते. मात्र त्याच कायद्याने असेही ठरवून दिले आहे की आरोग्य व सुरक्षितता यांबाबतच्या कारखाना कायद्यातील तरतुदी त्याला तो कामगार असल्याप्रमाणेच लागू व्हाव्यात, आणि प्रशिक्षणादरम्यान त्याला इजा झाल्यास नुकसानभरपाईही त्याच हिशेबाने मिळावी. थोडक्यात, पाना हातात असेपर्यंत तो विद्यार्थी आणि पाना पायावर पडल्यावर तो कामगार, अशी ही दुहेरी अवस्था आहे. घरी आईने मात्र या कायदेशीर बारकाव्यात न शिरता ‘पोरगा कंपनीला लागला’ असे आळीभर सांगून टाकलेले असते, आणि तिच्या या निवेदनाविरुद्ध अपील कोठे करावे याची तरतूद कायद्यात नाही.

नेमणुकीच्या पत्रात विभागाचे नाव ‘विद्युत व यांत्रिक देखभाल’ असे असते. येथे समास इतरेतर आहे. दोन्ही पदे समान दर्जाची, मध्ये एक सुशील ‘व’, आणि दोघांचा संसार सुखाचा. पहिल्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याचे व्याख्यान होते, निळा गणवेश व पुढे पोलादी टोपण असलेले बूट मिळतात (बुटाचे माप विचारले जाते, परंतु ते केवळ सौजन्य म्हणून), आणि उमेदवाराला एका अनुभवी कारागिराच्या हाताखाली दिले जाते. या कारागिराचे हुद्द्याचे नाव काहीही असले तरी त्याला ‘मामा’ म्हणतात. कारखान्यातील हे मामापण रक्ताचे नसून सेवाज्येष्ठतेचे असते. साधारण वीस वर्षे एकाच यंत्राच्या पोटात हात घातलेला मनुष्य आपोआप सर्वांचा मामा होतो, आणि त्याच्यापेक्षा वयाने मोठा असलेला कंत्राटी मदतनीसही त्याला त्याच नावाने हाक मारतो.

विभागात दोन मामा असतात. एक इलेक्ट्रिकलचे व दुसरे मेकॅनिकलचे. त्यांचे डबे एकाच टेबलावर उघडतात, एकाची भाजी दुसऱ्याच्या ताटात जाते, आणि दोघांच्या मुलांची लग्ने एकमेकांनी जमवलेली असतात. यंत्र चालू असेपर्यंत या स्नेहात खंड पडत नाही.

यंत्र थांबले की समासाचा प्रकार बदलतो. उत्पादन विभागाचा पर्यवेक्षक, ज्याच्या दृष्टीने देखभाल विभाग ही केवळ उशीर करण्यासाठी निर्माण झालेली संस्था आहे, तो एक चिठ्ठी घेऊन येतो. तिला ‘ब्रेकडाऊन स्लिप’ म्हणतात. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, बिघाडाची वेळ आणि शेवटी ‘बिघाडाचे स्वरूप’ या मथळ्याखाली दोन चौकोन असतात: विद्युत आणि यांत्रिक. यांपैकी एकाच चौकोनात खूण करावयाची असते. या क्षणी ‘व’ गळून पडतो, त्याच्या जागी ‘किंवा’ येतो, आणि शाळेत गुणांपुरता शिकलेला वैकल्पिक द्वंद्व समास उमेदवारासमोर सदेह उभा राहतो. द्वंद्व या शब्दाला जोडी आणि झुंज असे दोन्ही अर्थ संस्कृतने का दिले असावेत, याचाही उलगडा त्याला याच वेळी होतो.

उदाहरणादाखल एका पंपाचा विचार करता येईल. पंप फिरवण्यासाठी त्याला एक मोटर जोडलेली असते, आणि दोघांच्या दांड्यांना जोडणाऱ्या भागास कपलिंग म्हणतात. मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढू लागली तर ती जळू नये म्हणून ओव्हरलोड रिले नावाचे एक उपकरण असते. त्याच्या आत दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकांस चिकटवलेली पट्टी असून प्रवाह वाढला की ती तापते, दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्याने वाकते, आणि वाकता वाकता पुरवठा तोडते. ही पट्टी वाकली की इलेक्ट्रिकलचे मामा म्हणतात, ‘मोटर जादा अँपिअर खातेय, म्हणजे पंप जाम आहे. मेकॅनिकल.’ मेकॅनिकलचे मामा कपलिंगवर हात ठेवून ते सहज फिरवून दाखवतात आणि म्हणतात, ‘हे बघा, लोण्यासारखं फिरतंय. इलेक्ट्रिकल.’ दोघांचीही विधाने तर्कशुद्ध व पुराव्यावर आधारलेली असतात, आणि यंत्र बंदच असते. उमेदवाराच्या हातात बॅटरी दिलेली असून ती नेमकी कोणाच्या बाजूने धरावी हा त्याच्या व्यावसायिक जीवनातील पहिला नैतिक प्रश्न होय.

या सीमावादाचे मूळ मोटरच्या रचनेतच आहे. मोटरच्या आतील तांब्याच्या तारांची गुंडाळी निःसंशय विद्युत असते आणि बाहेर आलेली पोलादी दांडी निःसंशय यांत्रिक. परंतु ती दांडी ज्यावर फिरते ते बेअरिंग, म्हणजे दोन कड्यांमध्ये गोळ्या बसवलेला आधार, हे संपूर्ण यांत्रिक असूनही मोटरच्या पोटात राहते. त्याची स्थिती दोन शेतांच्या बांधावर उगवलेल्या आंब्यासारखी असते. मोहोर आला की झाड दोघांचे असते आणि पाचोळा झाडायची वेळ आली की कोणाचेच नसते. बेअरिंग बदलून मोटरचा आवाज बंद झाला की तो पराक्रम दोन्ही बाजूंच्या वहीत नोंदला जातो. ते जाम होऊन मोटर जळाली तर मात्र तिला ‘भरायला’ पाठवताना, म्हणजे तिची जळालेली गुंडाळी काढून नवी करून घेताना, पावतीवर सही कोणी करायची यावर अर्धी पाळी खर्ची पडते.

बेअरिंगच्या अभ्यासातून उमेदवाराला मानवी संकेतांविषयीही बरेच शिकता येते. ६२०५ या क्रमांकाच्या बेअरिंगच्या आतील भोकाचा व्यास २५ मिलिमीटर असतो, कारण शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणावे असा नियम आहे. हा नियम कळल्याच्या आनंदात उमेदवार ६२०३ चे भोक १५ मिलिमीटरचे सांगतो आणि तोंडघशी पडतो. ते १७ मिलिमीटरचे असते. शेवटी ००, ०१, ०२ आणि ०३ असे आकडे आले तर व्यास अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर धरावा, आणि पाचाचा पाढा ०४ पासून पुढे लावावा, असे हे शास्त्र आहे. ‘नियम चारपासून सुरू होतो, तोवर वडिलांचं ऐकायचं’ अशी याची उपपत्ती एखादे मामा देतात, आणि ती कोणत्याही पुस्तकातील उपपत्तीपेक्षा अधिक काळ लक्षात राहते. ग्रीसच्या बाबतीतही असेच. बेअरिंगच्या आतील मोकळ्या जागेपैकी तिसरा हिस्सा ते फार तर निम्मी भरेल एवढेच ग्रीस घालावे, अन्यथा ते आतल्या आत घुसळले जाऊन बेअरिंग तापते. पण पुरणपोळीवर तूप कमी पडले तर यजमानाची अब्रू जाते अशा प्रदेशात वाढलेल्या तरुणाचा हात मध्येच थांबणे स्वभावतः कठीण असते.

मापांच्या बाबतीत तर तीन राजवटी एकाच वेळी नांदत असतात. नकाशा मिलिमीटरमध्ये असतो, जुन्या यंत्राचे नटबोल्ट इंचात असतात, आणि मामा सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित अधिक, आणि तो किंचित भाग नेमका कोठे जातो यावरच पुढील बहुतेक बिघाड अवलंबून असतात. विजेच्या दाबाचेही तेच. पुस्तकात तीन फेजचा दाब ४१५ व्होल्ट दिलेला असतो, मीटर त्या दिवशी जे वाटेल ते दाखवतो, आणि बोलण्यात तो सदैव ‘चारशे चाळीस’ असतो. जणू वरचे पंचवीस व्होल्ट हे वडीलधाऱ्यांनी आदरापोटी चढवलेले आहेत.

आदरार्थी बहुवचन मोटरला मात्र मान्य नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांच्या मोटरमधील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, परंतु मोटरच्या अंगावरील पाटीवर १४४० च्या आसपासचा आकडा कोरलेला असतो. हे ६० फेरे कोठे गेले असा प्रश्न प्रत्येक पिढीतील उमेदवार विचारतो. उत्तर असे की, या जातीच्या मोटरचा फिरता भाग क्षेत्राच्या किंचित मागे राहिला तरच त्याच्यात प्रवाह निर्माण होऊन त्याला जोर मिळतो. तो बरोबरीने धावू लागला तर जोरच नाहीसा होईल. या मागे राहण्याला ‘स्लिप’ म्हणतात. पुढाऱ्याच्या चार पावले मागे चालण्यातच ज्याची सारी शक्ती आहे, असा हा कार्यकर्ता होय.

मोठी मोटर थेट पुरवठ्याला जोडून सुरू केली तर ती पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह मागते. लग्नातल्या पहिल्या पंगतीने वाढप्यांना जसे हैराण करावे तसेच हे असते. म्हणून ‘स्टार-डेल्टा’ नावाची युक्ती योजतात. प्रथम गुंडाळ्या स्टार पद्धतीने जोडून प्रत्येकीला पूर्ण दाबाच्या सुमारे ५८ टक्केच दाब देतात, त्यामुळे सुरुवातीचा प्रवाह एक तृतीयांशावर येतो. मोटरने वेग घेतला की काही सेकंदांनी टायमर तिला डेल्टामध्ये, म्हणजे पूर्ण दाबावर, नेतो. हा विषय समजावून सांगताना उमेदवाराच्या चेहऱ्यावर विशेष आकलनाची छटा दिसते, कारण विद्यावेतनावर चालणारा तो स्वतः स्टारमध्येच असतो. फरक एवढाच की मोटरच्या टायमरला ठरावीक सेकंद असतात, तर उमेदवारी संपल्यावर कोणाला नोकरीत घ्यावे याचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे असे कायदा सांगतो. भार घेऊन फार वेळ स्टारमध्ये राहिलेली मोटर तापते, हे मात्र दोन्ही मामांना एकमताने मान्य आहे. त्यांच्या एकमताचा हा दुर्मीळ विषय होय.

नवागताची परीक्षा घेण्याची प्रथा येथेही आहे. त्याला स्टोअरमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या कोठारात, ‘पन्नास हर्ट्झची दोन पाकिटं’ आणायला पाठवतात. हर्ट्झ हे वारंवारतेचे, म्हणजे प्रवाह सेकंदाला किती आवर्तने करतो त्याचे, एकक असून ते पाकिटात मिळत नाही, हे दोन वर्षे शिकलेल्या मुलाला ठाऊक असते. परंतु पहिल्या आठवड्यात मामांच्या शब्दावर शंका घेण्याइतके ते ज्ञान मुरलेले नसते. कोठारपालही कटात सामील असल्याने तो गंभीरपणे सांगतो की साठची शिल्लक आहेत, अमेरिकन यंत्राला चालतील, पन्नाससाठी मागणीपत्रावर साहेबांची सही आणा. सही मागायला गेलेल्या उमेदवाराकडे साहेब क्षणभर पाहतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येते त्यात वीस वर्षांपूर्वी ते स्वतः याच कामासाठी कोणाच्या टेबलापुढे उभे होते याची कबुली असते.

यापेक्षा खरे शिक्षण कानाचे असते. पेचकसाचे टोक चालत्या मोटरच्या बेअरिंगवर टेकवून त्याची मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली की आतला आवाज स्वच्छ ऐकू येतो. कंपने मोजणारी महागडी उपकरणे कपाटात असतात आणि त्यांची किल्ली रजेवर गेलेल्या इसमाकडे असते, म्हणून ही पद्धत टिकून आहे. पहिल्या महिन्यात उमेदवाराला सर्व मोटरी सारख्याच गुणगुणताना ऐकू येतात. सहाव्या महिन्यात तो त्यांतली एक ‘जात्यासारखी घरघरतेय’ असे म्हणतो, आणि मामा मान डोलावतात. वर्षअखेरीस तो घरातील मिक्सरलाही पेचकस लावून पाहतो, ज्यास त्याच्या आईची हरकत असते.

एक बाब मात्र विनोदाच्या कक्षेबाहेर ठेवली जाते. यंत्रात हात घालण्यापूर्वी त्याचा मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, त्यावर नावाची पाटी अडकवायची, आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, या शिस्तीला ‘लॉकआऊट-टॅगआऊट’ किंवा संक्षेपाने ‘लोटो’ म्हणतात. कुलूप लावल्यावरही पुरवठा खरोखर बंद आहे की नाही ते मीटरने तपासायचे, आणि तो मीटर चालू आहे की नाही ते आधी एखाद्या जिवंत तारेवर पडताळायचे. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्ह या उपकरणातील कपॅसिटर तर पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटे भार धरून बसतात, म्हणून त्यावर लिहिलेला वेळ घड्याळ लावून थांबायचे. या वेळात कोणी घाई केली, मग तो उत्पादन विभागाचा पर्यवेक्षक का असेना, तर दोन्ही मामा एकाच सुरात त्याच्यावर ओरडतात. समास पुन्हा इतरेतर होण्याचा हाही एक प्रसंग आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्यात विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना निरनिराळे वार वाटून देण्याच्या व्यवस्थेचे हे फळ आहे. परिणामी या परिसरातील लग्नाळू तरुणांची मुलगी पाहण्याची बोलणी गुरुवारी होतात. देखभाल विभागाचा उमेदवार त्याही बोलण्यांना हजर राहू शकत नाही, कारण यंत्रे थांबलेली असतात तोच त्यांच्या देखभालीचा दिवस. सारा कारखाना सुट्टीवर असताना तो पट्टे बदलतो, पॅनेलमधील धूळ काढतो, नट आवळतो, आणि मेगर नावाच्या उपकरणाने मोटरच्या गुंडाळीचे आवरण शाबूत आहे की नाही ते तपासतो. त्याची सुट्टी ज्या दिवशी येते त्या दिवशी बाकी सर्वजण कामावर असतात. या काळात समासाचा तिसरा प्रकार प्रकट होतो. विद्युत, यांत्रिक, शिवाय छतावरची गळती, कँटीनचा गिझर, साहेबांच्या केबिनमधला करकरणारा दरवाजा, गेटवरची बंद पडलेली घंटा आणि खंडेनवमीसाठी झेंडूची ऑर्डर, हे सर्व ‘विद्युत-यांत्रिक’ या एका पदात चहापाण्यातील पोह्यांप्रमाणे गृहीत धरलेले असल्याचे उमेदवाराच्या ध्यानात येते.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करण्याची परंपरा आहे, आणि कारखान्यात पाने, पकडी, हातोडे, मीटर यांनाच शस्त्रांचा दर्जा मिळतो. त्या दिवशी यंत्रे धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लावतात, नारळ फुटतो, प्रत्येक पॅनेलवर झेंडूचे तोरण चढते, आणि ते चढवण्यासाठी शिडीवर अर्थातच उमेदवार असतो. दसऱ्याची सुट्टी संपून पहिली पाळी सुरू होते तेव्हा पॅकिंगचे यंत्र हमखास चालू होत नाही. पर्यवेक्षक चिठ्ठी घेऊन येतो. इलेक्ट्रिकलचे मामा पॅनेल उघडून पुरवठा बरोबर असल्याचे जाहीर करतात; मेकॅनिकलचे मामा पट्टा हाताने सरकवून दाखवतात; ‘किंवा’ पुन्हा जोर धरतो. अर्ध्या तासाने उमेदवार खाली वाकतो आणि प्रकाशकिरण अडला की यंत्र थांबवणाऱ्या सेन्सरसमोर, तोरणातून ओघळून लोंबत राहिलेले एक फूल बाजूला करतो. यंत्र चालू होते. मामा दोघेही चहाला निघून जातात आणि चिठ्ठी भरण्याचे काम त्याच्याकडे येते. बिघाडाचे स्वरूप या मथळ्याखाली दोनच चौकोन असतात. उमेदवार काही वेळ पेन धरून उभा राहतो, दोन्ही चौकोन कोरे ठेवतो, आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहितो: ‘झेंडू’.